चारच्या जेवणाचा ताळेबंद

सदर : घरची खतावणी



निवृत्तीनंतर घरखर्चाची कीर्द लिहिण्याचे काम मी आपणहून अंगावर घेतले. मुलगा नांदगाव पेठेकडील कापडबाजारात, सूनबाई शहरातल्या दुकानाच्या गल्ल्यावर, सौभाग्यवतींचे गुडघे कुरकुरणारे. तेव्हा घरात रिकामा हात एकच, आणि त्या हाताला लेखणीची सवय. दर रविवारी सकाळी मी आठवड्याच्या पावत्या, चिठ्ठ्या आणि मोबाइलवरून चुकत्या केलेल्या रकमा गोळा करतो, त्या त्या खात्यावर घालतो आणि महिनाअखेरीस सर्वांना वाचून दाखवतो. घरातील मंडळी हे वाचन मोठ्या सहनशीलतेने ऐकून घेतात.

गेल्या वर्षी चातुर्मासाच्या पहिल्या महिन्याचे वाचन करताना मी एका खात्याचे विशेष कौतुक केले. 'मुलांचे बाहेरचे खाणे' या खात्यावर जून महिन्यात 2,860 रुपये पडले होते. त्या महिन्यात पडले केवळ 1,120. मी म्हणालो, चातुर्मासाने आपल्याला संयमही दिला आणि बचतही दिली. सर्वांनी माना डोलावल्या. तेरा वर्षांची नात मात्र खाली पाहत बसली होती. तिच्या त्या गप्प बसण्याचा अर्थ मला कळायला आणखी नऊ दिवस लागले.

नवव्या दिवशी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास तिच्या भरतनाट्यमच्या वर्गातून फोन आला. अडवू म्हणजे पदन्यासाचा सराव चालू असताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती खाली बसली. शिक्षिकेने तिला लगेच आडवे केले, पायाखाली उशी ठेवली, आणि आम्ही पोहोचेपर्यंत तिच्याजवळून त्या हलल्या नाहीत. त्यांचे ऋण मी विसरणार नाही. आम्ही तिला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आज शेवटचे कधी जेवलीस?" नात म्हणाली, "दीड वाजता." "आणि काल?" "काल पण दीड वाजता." दुसऱ्या दिवशी रक्ताचा अहवाल आला. हिमोग्लोबिन 9.8. या वयाच्या मुलीला ते किमान 12 असावे लागते.

आता हे कसे घडले ते सांगतो, कारण आपल्यापैकी अनेक घरांत ते याच रीतीने घडत असावे असा माझा समज आहे.

चातुर्मासाच्या आरंभी नातीने साध्वीजींकडून चौविहाराचे पच्चक्खाण घेतले होते. आम्हां सर्वांना त्याचा आनंद झाला. तिचा नृत्यवर्ग आठवड्यातून चार दिवस, सायंकाळी साडेपाच ते सात. त्याच इमारतीत नऊ वर्षांचा नातू लोकनृत्य शिकतो. आषाढात आपल्या अमरावतीला सूर्य मावळतो सातच्या सुमारास. म्हणजे वर्ग सुटतो आणि दिवस मावळतो, दोन्ही एकाच वेळी. घरी येऊन ताटावर बसायला सवड नाही. वर्गाला जाण्यापूर्वी जेवावे, तर त्या वेळी घरात जेवण तयार नसे. आम्ही दोघे म्हातारी सहा वाजता जेवतो. मुलगा आणि सूनबाई दुकान बंद करून रात्री येतात. सूनबाईंना वाटे, आईंनी मुलीला जेवू घातले असेल. सौभाग्यवतींना वाटे, सूनबाईंनी डबा दिला असेल. मला वाटे, हा विषय माझा नव्हेच. चार वाजता आजीने प्रेमाने दिलेला अर्धा कप चहा पिऊन मुलगी वर्गाला जाई. नातवाला पच्चक्खाण नव्हते, तो वर्गाजवळच्या गाडीवर सत्तर रुपयांचे सँडविच खाई. सोळा दिवसांचे सत्तर रुपयांप्रमाणे झाले 1,120. हिशेब अगदी चोख जुळतो. माझ्या वहीत जी बचत दिसली, ती त्या मुलीची भूक होती.

वाणिज्य शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवले जाते की तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर आहे असे मानू नये. एखादा व्यवहार वहीत लिहायचाच राहून गेला, तर तो नावेही दिसत नाही आणि जमाही दिसत नाही; दोन्ही बाजू सुखाने जुळतात. मी हे तरुण अधिकाऱ्यांना शिकवत असे. आपल्याच घरात एका मुलीचे जेवण नोंदायचे राहून गेले आणि मी जुळलेल्या बेरजेवर खूश होऊन बसलो.

मी तिला विचारले, "बाळ, सांगितले का नाहीस?" ती म्हणाली, "सांगितले असते तर तुम्ही वर्ग तरी बंद केला असता, नाहीतर पच्चक्खाण तरी सोडायला लावले असते. आणि तुम्ही वही वाचताना किती खूश होता, आजोबा." यावर मला काही बोलता आले नाही.

तिची भीती खोटी नव्हती. पुढच्या चार दिवसांत नातेवाइकांनी नेमके हेच दोन उपाय सुचवले. ज्येष्ठ म्हणाले, नाच बंद करा, मुलीच्या जातीला एवढी धावपळ कशाला. तरुण म्हणाले, या वयात कसला चौविहार, सोडून द्या. दोन्ही उपाय सोपे होते आणि दोन्हींत एक समान सोय होती : घरातील मोठ्या माणसांना आपल्या दिनक्रमात काहीही बदल करावा लागत नव्हता.

नृत्य आपल्या परंपरेला परके आहे असे मानणाऱ्यांनी रायपसेणिय सूत्र आठवावे. भगवान महावीरांच्या समोर सूर्याभ देवाने केलेल्या बत्तीस प्रकारच्या नाट्यविधींचे वर्णन त्यात येते. दिगंबर परंपरेतील आदिपुराणात तर भगवान ऋषभदेवांना वैराग्याचे निमित्त घडले ते नीलांजनेच्या नृत्यामुळे. मंदिरांच्या स्तंभांवर नृत्यांगना कोरून घेणारे शेठ-सावकार आपलेच पूर्वज होते. शिवाय आजच्या व्यवहाराचाही विचार आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापले. त्याच परंपरेतील अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ आज गायन-वादनाबरोबर नृत्याच्याही परीक्षा घेते. प्रारंभिकपासून विशारदपर्यंतची ती पायरी गावोगावची मुले चढत असतात. शास्त्रीय कलेच्या परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना आपल्या राज्यात दहावीला वाढीव गुणही मिळतात. नातीची प्रवेशिका पूर्ण झाली आहे. पाच वर्षांची ती मेहनत केवळ साडेचार वाजता कोणी ताट वाढले नाही म्हणून बुडवावी, हे मला पटेना.

आता पच्चक्खाणाविषयी. आम्ही मुलीला घेऊन उपाश्रयात गेलो आणि साध्वीजींना सर्व हकीकत सांगितली. त्यांनी प्रथम मुलीची चौकशी केली, मग आमची. त्या म्हणाल्या की पच्चक्खाणाच्या सूत्रातच आगार, म्हणजे सवलती, सांगितलेल्या आहेत; आरोग्य बिघडू नये याची काळजी शास्त्राने आधीच घेतली आहे. त्यांनी वर्गाच्या दिवसांसाठी चौविहाराऐवजी तिविहार करण्यास सांगितले. तिविहारात अन्नाचा त्याग कायम राहतो, पाणी मात्र घेता येते. दीड तास घाम गाळणाऱ्या मुलीला रात्रभर पाण्यावाचून ठेवणे योग्य नव्हे, हे त्यांनी आमच्यापेक्षा आधी ओळखले. दिगंबर परंपरेत सोळाकारण भावनांमध्ये त्याग आणि तप या दोहोंच्या आधी 'शक्तितः' हा शब्द लावलेला आहे, तो अशा वेळी सर्वांनीच लक्षात ठेवण्याजोगा आहे.

निघताना साध्वीजींनी एक वाक्य आम्हां मोठ्यांना उद्देशून म्हटले, त्याचा आशय असा : भूक असून आपणहून चार घास कमी खाणे ही ऊनोदरी, ते तप आहे, घरात कोणी शिजवले नाही म्हणून उपाशी राहणे हे तप नाही. ते ऐकून मी आणि माझा मुलगा एकमेकांकडे न पाहता पायऱ्या उतरलो.

तेव्हा प्रश्न उरला तो शुद्ध व्यवस्थेचा. धंद्यात आपण रोज सोडवतो तसा. माल काय, वेळ कोणती, माणूस कोण आणि खर्च किती.

प्रथम वेळ. मी वर्षभराच्या सूर्यास्ताच्या वेळा पंचांगातून उतरून काढल्या. आपल्याकडे जूनअखेरीस सूर्यास्त सातच्या सुमारास, तर नोव्हेंबरअखेरीस साडेपाचनंतर थोड्याच मिनिटांत. दीड तासाचा हा फरक आपण विसरतो आणि आषाढात बसवलेली घडी कार्तिकात मोडते. म्हणून जेवणाची वेळ सर्वांत लहान दिवसावर ठरवावी, मग ती बारा महिने टिकते. दुसरी अडचण पोटाची. भरल्या पोटी नाचता येत नाही. जेवण आणि वर्ग यांत तास-सव्वा तासाचे अंतर हवे. दोन्ही हिशेब एकाच ठिकाणी येऊन मिळाले : सव्वाचार. आम्ही त्याला 'चारचे जेवण' असे नाव दिले. पूर्वी या वेळेला आमच्या घरी 'काहीतरी खाऊ' म्हणत, आणि जे काहीतरी असते ते कोणाच्याच जबाबदारीचे नसते. जेवण म्हटले की ताट आले, पाट आला आणि वाढणारा आला.

मग माणूस. येथे घरात क्षणभर शांतता पसरली. सूनबाईंनी दुकान सोडून यावे, असे माझ्या मुलाच्या मनात असावे. सौभाग्यवती म्हणाल्या, "मी करीन, पण गुडघ्यांना विचारून." तेव्हा मी म्हणालो, चार वाजता या घरात पूर्ण रिकामा माणूस मी एकटा आहे. सहासष्टाव्या वर्षी मी मुगाचे धिरडे घालायला शिकलो. पहिली चार धिरडी तव्यालाच समर्पित झाली. पाचवे नातवाने खाल्ले आणि दुसरे मागितले. बढतीचे पत्र हाती पडले तेव्हाही मला इतके बरे वाटले नव्हते. आपल्या व्यापारी घरांत पुरुषाने स्वयंपाकघरात जाणे आजही कमीपणाचे मानले जाते. दुकानातून निवृत्त झालेले, दुपारी ओट्यावर वर्तमानपत्र चार वेळा वाचणारे माझे समवयस्क मित्र हे वाचत असतील, तर त्यांना माझे सांगणे आहे की तवा खतावणीहून कठीण नाही.

आता माल. मासिकांतून आणि मोबाइलवरून मिळणारे बहुतेक सल्ले आपल्या घरांना लागू पडत नाहीत. रविवारी आठवड्याचे शिजवून शीतकपाटात ठेवा, हा सल्ला आपल्या कामाचा नाही, कारण रात्र उलटलेले ओले अन्न वासी होते. मोड आलेली कडधान्ये द्या, असे आहारतज्ज्ञ सांगतात; आपल्यापैकी अनेक घरांत तीही चालत नाहीत. बटाटा, कांदा, लसूण, आले तर नाहीच. चातुर्मासात पालेभाजीही नाही. अष्टमी-चतुर्दशीला हिरवे काहीच नाही. डाळीबरोबर कच्चे दही दिले तर द्विदळाचा दोष. ही यादी वाचून एखाद्याला वाटेल की आता उरले काय? उरले ते आपल्या वऱ्हाडाच्या मातीत सर्वांत उत्तम पिकते ते : तूर, मूग, हरभरा, उडीद आणि ज्वारी. अकोल्याच्या डाळ मिलांतून देशभर डाळ जाते आणि आपल्या घरातली मुले चार वाजता मैद्याचा पाव खातात, हा व्यवहार कोणत्या व्यापाऱ्याला पटेल?

डाळीचे मोल आहारशास्त्राच्या दृष्टीनेही पाहावे. शंभर ग्रॅम मुगाच्या डाळीत सुमारे 24 ग्रॅम प्रथिने असतात. धान्यात जे प्रथिनघटक कमी पडतात ते डाळीत असतात आणि डाळीत जे कमी पडतात ते धान्यात. म्हणून भाकरीबरोबर डाळ ही जोडी केवळ चवीची नाही. लोहाचे मात्र थोडे वेगळे आहे. शाकाहारातील लोह शरीराला सहजी लागत नाही. बरोबर लिंबू किंवा आवळा असला तर ते अधिक लागते, आणि जेवणासोबत चहा घेतला तर कमी. म्हणजे चार वाजताचा तो प्रेमाचा अर्धा कप चहा उपाशी मुलीच्या नुकसानीतच भर घालत होता. सौभाग्यवतींनी हे ऐकले त्या दिवसापासून मुलांचा चहा बंद झाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 19 वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलींमध्ये रक्तक्षय आढळला आहे, तेव्हा खात्यापित्या घरांनीही आपण यातून सुटलो असे समजू नये. नातीला डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्याही दिल्या. जेवण हे औषधाच्या जागी नाही, पण जेवणाच्या जागी औषधही नाही.

आमचे चार दिवसांचे चार पदार्थ असे ठरले.

सोमवारी मुगाचे धिरडे. मुगाची डाळ दुपारी दोन तास भिजवायची, वाटताना जिरे, हिंग आणि आल्याऐवजी चिमूटभर सुंठ घालायची. सोबत खोबऱ्याची चटणी.

बुधवारी उकडपेंडी. ही आपली खास वऱ्हाडी चीज. जाडसर कणीक तेलावर खमंग भाजायची, मोहरी-हिंगाच्या फोडणीत शेंगदाणे टाकायचे, चिंचेचे पाणी शिंपडून वाफ आणायची. कांदा नसला तरी चवीत काही उणे राहत नाही. भाजण्यात घाई केली तर राहते.

गुरुवारी ज्वारीची भाकरी आणि मोकळी डाळ. हरभऱ्याची डाळ भिजवून, भरड वाटून, फोडणीवर मोकळी होईपर्यंत परतायची आणि वर लिंबू पिळायचे. तिथीच्या दिवशी लिंबाच्या जागी आवळकाठीची पूड, हिरव्या मिरचीच्या जागी लाल तिखट.

शुक्रवारी पाटवडी आणि पोळी, शेवटी गूळ-तूप. पाटवडी थापणे हा नातवाचा आवडता उद्योग आहे, त्यामुळे त्या दिवशी मला मदतनीसही मिळतो.

दूध सकाळी. शाकाहारी माणसाला ब-12 हे जीवनसत्त्व प्रामुख्याने दूध आणि दुधाच्या पदार्थांतूनच मिळते, तेव्हा ते टाळू नये. पावसाळ्यात सूर्योदय सहाच्या आत होतो, त्यानंतरच्या 48 मिनिटांनी नवकारशी येते आणि शाळेची गाडी सात वाजता, बसते. हिवाळ्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, तेव्हा शाळेच्या दिवशी नवकारशीचा आग्रह आम्ही धरत नाही, सुटीच्या दिवशी धरतो.

आता खर्च, ज्यासाठी हे सदर आहे. उदाहरणादाखल धिरड्याचा दिवस घेऊ. दोन मुलांसाठी सव्वाशे ग्रॅम मुगाची डाळ, किलोला 120 रुपये भावाने, 15 रुपये. तेल 4. खोबऱ्याची चटणी 8. गॅस आणि मसाला 5. वर्गात बरोबर न्यायला खजूर आणि गूळ-शेंगदाण्याची वडी 13. एकूण 45 रुपये, आणि प्रत्येक मुलाच्या पोटात सुमारे पंधरा ग्रॅम प्रथिने. इतर तीन दिवस याच्याच आसपास पडतात. महिन्याचे सोळा दिवस धरले तर 720 रुपये. जूनमधील 2,860 च्या तुलनेत 2,140 रुपयांची खरी बचत. पण मला अधिक बोचते ती दुसरी तुलना. ज्या महिन्यात मुलगी उपाशी राहिली त्या महिन्याचा खर्च 1,120 होता. तिला पोटभर जेवू घातले तर 400 रुपये कमीच लागतात.

अकोल्याला माझी मुलगी असते. तिचे सासर डाळीच्या व्यापारातले. तिला ही हकीकत कळली तेव्हा ती म्हणाली, "बाबा, हे आम्ही तीन वर्षांपूर्वीच सोडवले." तिच्या गल्लीतील चार घरांची पाच मुले एकाच नृत्यवर्गाला जातात. आठवड्यात वर्गाचे दिवस चार, घरे चार. प्रत्येक घराची पाळी आठवड्यातून एकदा. त्या दिवशी पाचही मुले त्याच घरी जेवतात आणि तेथूनच वर्गाला जातात. प्रत्येक आईला आठवड्यातले तीन दिवस मोकळे मिळतात, पाच मुलांचे एकदम केल्याने इंधन आणि श्रम वाचतात, आणि पंगतीत बसले की एरवी नाक मुरडणारे मूलही दुसरी भाकरी मागते. तिची दुसरी शिकवण साठवणीची : धान्य साठवा, पीठ साठवू नका. भाजलेली ज्वारी, मूग आणि हरभरा डब्यांत वेगवेगळे ठेवायचे आणि लागेल तेवढेच दळायचे. दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा पावसाळ्यात 3, उन्हाळ्यात 5 आणि हिवाळ्यात 7 दिवस मानतात. आम्हां श्वेतांबरांत मिठाई-फरसाणासाठी अनुक्रमे 15, 20 आणि 30 दिवसांची मर्यादा आहे. दमट हवेत माल लवकर बिघडतो हे जाणूनच पूर्वजांनी ती घातली असावी. ती पाळली तर नासाडीही होत नाही. महिन्याचा खाकरा एकदम भरून ठेवणाऱ्या घरांनी आपल्या डब्यांचा वास एकदा श्रावणात घेऊन पाहावा.

एक गोष्ट मात्र घराच्या हातात नव्हती. सव्वाचारला जेवल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातपर्यंत साडेचौदा तास होतात. वाढीच्या वयातील नाचणाऱ्या मुलीसाठी ते फार आहेत, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. तेव्हा आम्ही आठ पालक मिळून शिक्षिकेला भेटलो. त्या जैन नाहीत. त्यांना चौविहाराचा नियम नीटसा ठाऊक नव्हता, आणि आम्हीही तो कधी सांगितला नव्हता. त्यांनी शांतपणे ऐकले आणि दोन बदल केले. शुक्रवारचा वर्ग त्यांनी रविवारी सकाळी आठ वाजता नेला. आता शुक्रवारी नात आमच्याबरोबर सहा वाजता जेवते, आणि चारचे जेवण त्या दिवशी निम्म्यावर आले आहे. उरलेल्या तीन दिवशी, पावसाळ्यात जेव्हा ऊन असते तेव्हा, सव्वासहाच्या आत दहा मिनिटांची सुटी मिळते. मुली खजूर, फुटाणे, गूळ-शेंगदाण्याची वडी खातात, पाणी पितात आणि पुन्हा उभ्या राहतात. जैन नसलेल्या मुलीही आता डबा आणतात. विचारले असते तर हे पहिल्याच दिवशी झाले असते.

येथून मला आपल्या संघांकडे वळायचे आहे. पर्युषण आणि दशलक्षण पर्व, भगवान महावीर जन्मकल्याणक, साधू-साध्वींचा चातुर्मास प्रवेश, प्रत्येक प्रसंगी आपण मुलांची नृत्ये बसवतो. त्यांचा सराव कोणत्या वेळी असतो? बहुतेक ठिकाणी सायंकाळी सहा ते आठ, कारण शिकवणाऱ्या ताई आणि आयोजक बंधू त्याच वेळी मोकळे होतात. म्हणजे ज्या कार्यक्रमात मुले रात्रीभोजनत्यागाचे नाटक करतात, त्याच्या सरावाहून परतताना ती भेळेच्या गाडीवर थांबतात, किंवा उपाशी झोपतात. दोन्ही गोष्टी मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत आणि दोन्हींबद्दल मुलांना बोल लावण्याचा आपल्याला अधिकार नाही.

मुंबई, सुरतेसारख्या शहरांतील बाजारपेठांत व्यापाऱ्यांसाठी चौविहार हाऊस चालतात. दुकान न सोडता सूर्यास्तापूर्वी शुद्ध जेवण मिळावे, म्हणून संघांनी ती उभी केली. मोठ्यांसाठी जे सुचले ते लहानांसाठीही सुचावे. माझी सूचना अशी की ज्या दिवशी मुलांचा सराव असेल त्या दिवशी संघाने साडेचार वाजता मुलांचे जेवण ठेवावे आणि सराव पावणेसहापासून घ्यावा. चाळीस मुले, माणशी 25 रुपये, दिवसाचे हजार रुपये. आठ दिवसांच्या सरावाचे आठ हजार. मंडप आणि ध्वनिव्यवस्थेवर आपण किती खर्च करतो ते प्रत्येक संघाच्या खजिनदाराला ठाऊक आहे. स्वामीवात्सल्य ही आपली सुंदर प्रथा आहे. साधर्मिकाला आदराने जेवू घालणे यात मोठे पुण्य मानले आहे. आठ-दहा वर्षांचा साधर्मिक त्यातून वगळावा असे कोठेही म्हटलेले नाही. एखाद्या दात्याला नाव द्यायचे असेल तर आठ दिवसांच्या आठ थाळ्यांना आठ नावे देता येतील. वाढायला ज्येष्ठ मंडळी आहेतच. धिरडी घालायला मी येईन.

तीन महिन्यांनी नातीचे रक्त पुन्हा तपासले. हिमोग्लोबिन 11.4 झाले होते. अजून 12 व्हायचे आहे. डॉक्टरांनी गोळ्या चालू ठेवायला सांगितले आहे. चातुर्मास तिने तिविहाराने पूर्ण केला. चातुर्मासानंतर वर्गाच्या दिवशी ती घरी येऊन सर्वांबरोबर रात्री थोडे खाते आणि इतर दिवशी आपणहून सूर्यास्तापूर्वी जेवते. यापुढे काय करायचे ते ती आणि साध्वीजी ठरवतील. माझे काम वाढण्याचे.

माझ्या वहीत आता एक नवे पान आहे. त्यावर रुपये लिहिलेले नाहीत. तारीख, काय शिजले, कोणी वाढले आणि मुलांनी खाल्ले की नाही, एवढे चारच रकाने. शेवटच्या रकान्यात सही मुले करतात. गेल्या आठवड्यात मी एक दिवस उकडपेंडी करपवली. नातवाने सही केली, पण पुढे कंसात लिहिले : 'आजोबांसाठी खाल्ली.' शेरा मान्य करून मी तो तसाच राहू दिला आहे.

आपल्या घरी सायंकाळी वर्गाला जाणारे मूल असेल, मग तो वर्ग नृत्याचा असो, तबल्याचा असो की शिकवणीचा, तर आज त्याला एवढेच विचारा, काल दुपारनंतर तू कधी आणि काय खाल्लेस? उत्तर ऐकेपर्यंत वही मिटू नका.

पुढील अंकात वहीपूजनापूर्वी घरातील जुनी येणी-देणी कशी मार्गी लावावीत, याविषयी.